आभासी विश्व आणि आपले वैद्यकीय अध्यापन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी माझ्याकडे संगणकावरील आभासी विश्वाच्या शैक्षणिक उपयोगाचा विषय सोपविला, तेव्हा मी प्रथम थोडा बिचकलो. ज्याचे आयुष्य फळा, खडू आणि रुग्णाची खाट यांच्या सान्निध्यात गेले, त्याने या विषयावर काय लिहावे? परंतु विचार करता लक्षात आले, की अध्यापक म्हणून ज्या एका प्रश्नाने माझा पाठपुरावा केला, त्या प्रश्नाशी हा विषय थेट जोडलेला आहे. तो प्रश्न असा : विद्यार्थ्याला जे ठाऊक असते, ते ऐन वेळी त्याच्या हातून का घडत नाही? हा लेख त्या प्रश्नाच्या अनुषंगाने लिहिला आहे.

एक रात्र

१९८४ सालची गोष्ट. मी इंटर्न म्हणून आपल्या भागातील एका तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीवर होतो. तूर फुलोऱ्यात होती आणि शिवारात फवारण्या चालू होत्या. मध्यरात्रीच्या सुमारास बैलगाडीतून एका तरुण शेतकऱ्याला आणण्यात आले. पोटात कीटकनाशक गेलेले. तोंडातून फेस, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंद नाडी आणि छातीत घरघर. ऑर्गनोफॉस्फरस विषबाधेचे हे चित्र मी अंतिम परीक्षेत लिहिले होते. 'ॲट्रोपिनचा पूर्ण परिणाम दिसेपर्यंत मात्रा देत राहावे' हे वाक्यही लिहिले होते आणि त्याचे गुणही मिळविले होते.

प्रत्यक्षात मी एक अँप्यूल दिले आणि बाहुल्यांकडे पाहत थांबलो. अधिक दिले तर काही विपरीत होईल, अशी भीती वाटत होती. वडीलधाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, छाती अजून घरघरूलालीय, अजून द्या." मी दिले; पण भीत भीत, एकेक अँप्यूल, मध्ये बराच वेळ दवडून. पहाटेपूर्वी तो गेला. त्याची पत्नी दाराशी बसून होती. तिला काय सांगावे, हेही मला कोणी शिकविलेले नव्हते.

त्याला वाचविता आले असते की नाही, हे आज ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र माझ्यापाशी ज्ञानाची कमतरता नव्हती, हे निश्चित. कमतरता होती ती सरावाची. आणि असा सराव करणार कोठे? जिवंत माणसावर पहिली चूक करण्याची मुभा कोणत्याही शिक्षणपद्धतीने देऊ नये. वैमानिकाला विमान हाती देण्यापूर्वी जमिनीवरील कृत्रिम कक्षात वादळे दाखविली जातात. आपण मात्र नवशिक्या डॉक्टरला थेट वादळात ढकलतो.

आभासी विश्व म्हणजे काय?

सामान्य वाचकांसाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. संगणकाच्या पडद्यावर एक त्रिमितीय जागा निर्माण केलेली असते. तो वर्ग असेल, वॉर्ड असेल किंवा एखादे संपूर्ण गाव असेल. त्या जागेत प्रत्येक व्यक्ती आपल्या एका प्रतिरूपाने वावरते. या प्रतिरूपाला जगभर 'अवतार' हाच आपला शब्द वापरतात. अवतार चालतो, बोलतो, वस्तू उचलतो, दुसऱ्या अवताराजवळ जाऊन उभा राहतो. बिदरचा विद्यार्थी, कलबुर्गीची विद्यार्थिनी आणि पुण्याचे प्राध्यापक एकाच वेळी एकाच खाटेभोवती उभे राहू शकतात.

दृक्‌श्राव्य व्याख्यानापेक्षा हे निराळे आहे. व्याख्यानात विद्यार्थी पाहतो आणि ऐकतो. आभासी विश्वात त्याला काही करावे लागते, आणि केलेल्याचा परिणाम सोसावा लागतो. औषध दिले नाही तर पडद्यावरील रुग्णाची नाडी मंदावते. डोक्यावर चढविण्याचे खास चष्मे असल्यास अनुभव अधिक गडद होतो. पण ते अनिवार्य नाहीत. साधा संगणक, आवाजाचे साधन आणि बरे इंटरनेट एवढ्यावर काम भागते.

परदेशातील अनुभव

सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली 'सेकंड लाइफ' नावाचे आभासी विश्व खुले केले. तो खेळ नव्हता. तेथे जिंकणे-हरणे नव्हते. लोकांनी तेथे जागा घेऊन घरे, दुकाने, ग्रंथालये उभारली आणि लवकरच विद्यापीठेही आली. २००६ साली हार्वर्डच्या चार्ल्स नेसन यांनी आपली कन्या रिबेका हिच्यासह कायद्याचा एक अभ्यासक्रम अंशतः तेथे चालविला. प्रत्यक्ष वर्गात नसलेल्या माणसांनाही त्यात भाग घेता आला.

वैद्यकशास्त्राने या साधनाचा उपयोग अधिक नेमकेपणाने केला, असे मला वाटते. त्याची चार उदाहरणे देतो.

पहिले लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे. तेथे श्वसनविकारांचा एक आभासी वॉर्ड उभारण्यात आला. विद्यार्थ्याचा अवतार वॉर्डात शिरतो, हात धुतो, रुग्णाशी बोलतो, तपासण्या मागवितो आणि निदान मांडतो. हात धुण्याची पायरी मुद्दाम ठेवली होती, कारण सवय लावायची ती याच वयात.

दुसरे लंडनच्याच सेंट जॉर्जेस विद्यापीठाचे. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या पॅरामेडिक विद्यार्थ्यांचा गट २००८ च्या सुमारास आभासी अपघातस्थळी पोहोचत असे. नाडी पाहणे, प्राणवायू देणे, औषध देणे, रुग्णाला रुग्णालयात नेणे आणि शेवटी हस्तांतराची टिपणे लिहिणे, असा तो संपूर्ण प्रसंग असे. गटातील विद्यार्थी निरनिराळ्या ठिकाणी बसलेले असले तरी निर्णय मात्र सर्वांनी मिळून घ्यायचा.

तिसरे उदाहरण मनोविकारशास्त्राचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील डॉ. पीटर यलोलीझ यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांनी वर्णन केलेल्या भासांवरून एक आभासी दवाखाना उभारला. त्यात चालणाऱ्याच्या कानी टोमणे मारणारे आवाज पडतात, पायाखालची जमीन नाहीशी होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ५७९ जणांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ७६ टक्के लोकांनी श्रवणभासांविषयीची आपली समज वाढल्याचे सांगितले. 'अंगात आले', 'बाहेरची बाधा झाली' अशा समजुतींनी रुग्णाचे हाल आपण आपल्या गावांत पाहतो. रुग्णाच्या नातेवाइकाला दहा मिनिटे त्या दवाखान्यातून फिरविता आले तर काय होईल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

चौथे उदाहरण तुम्हा-आम्हा व्यावसायिकांचे. बोस्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी टाइप २ मधुमेहात इन्सुलिन कसे सुरू करावे, या विषयावर एका तासाचे निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे सत्र आभासी विश्वात घेतले. २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १४ डॉक्टर सहभागी होते. सत्रापूर्वी १० पैकी ६ जणांनी इन्सुलिनची प्रारंभिक मात्रा बरोबर सांगितली होती. सत्रानंतर १० पैकी ९ जणांनी सांगितली. प्रयोग अगदी लहान आहे, त्यावरून मोठा सिद्धांत मांडता येणार नाही. तरीही औराद किंवा आळंदच्या ज्या डॉक्टरला एका व्याख्यानासाठी दवाखाना बंद ठेवून हैदराबाद गाठावे लागते, त्याला या प्रयोगाचे मोल समजेल.

आपल्याकडील वाटचाल

दूरच्या वर्गाची कल्पना कर्नाटकाला नवी नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या प्रारंभिक प्रकल्पांत बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचा समावेश होता. एक अध्यापक, एक कॅमेरा आणि दूरदूरच्या महाविद्यालयांतील पडदे, असे त्याचे स्वरूप. उत्तम व्याख्यान लहान गावात पोहोचविण्याचे ते मोठे साधन होते. पण ते व्याख्यानच होते. विद्यार्थी श्रोताच राहिला.

२०२० साली टाळेबंदी आली आणि आपण सर्व जण रातोरात पडद्यावरचे अध्यापक झालो. मी पडद्यावरील काळ्या चौकटींना हृदयाचे ध्वनी समजावून सांगत होतो. त्या चौकटींच्या मागे कोणी गच्चीवर, कोणी शेताच्या बांधावर सिग्नल शोधीत बसलेला असे. कोणी नुसते नाव लावून निघून गेलेला असे. त्या काळात विद्यार्थ्यांचे जे हुकले ते व्याख्यान नव्हे. हुकला तो रुग्णाच्या खाटेजवळचा वेळ.

त्याच वर्षी २३ ऑगस्ट रोजी मुंबईच्या आय.आय.टी.ने आपला ५८ वा दीक्षान्त समारंभ आभासी विश्वात घेतला. विद्यार्थ्यांच्या अवतारांनी संचालक प्रा. सुभासिस चौधुरी यांच्या अवताराच्या हस्ते पदव्या स्वीकारल्या. भौतिकशास्त्राचे २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे प्रा. डंकन हॉल्डेन प्रमुख पाहुणे होते. अनेकांनी हा निव्वळ हौसेचा भाग मानला. मला मात्र त्यात एक निराळी गोष्ट दिसली. घरी बसलेल्या मुलाच्या आईवडिलांना आपला मुलगा मंचावर जाताना दिसला. पडद्यावरची यादी वाचून हे समाधान मिळाले नसते. 'आपण तेथे होतो' ही भावना हेच या माध्यमाचे बळ आहे.

आमचा छोटा प्रयोग

२०२१ च्या पावसाळ्यात पुण्यात संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या भाच्याने मला एक मोफत आभासी दालन उघडून दिले. तो म्हणाला, "मामा, तुमच्या त्या रात्रीचा प्रसंग इथे उभा करा." मी चार इंटर्न्सना बोलाविले आणि सलग सहा शनिवार आम्ही रात्री नऊ वाजता त्या दालनात जमलो. पहिल्या शनिवारी वीज गेली. दुसऱ्या शनिवारी आवाज इतका मागाहून येत होता की रुग्ण मरण पावल्यावर डॉक्टरचा प्रश्न ऐकू आला. तिसऱ्या शनिवारपासून मात्र खरी शिकवणी सुरू झाली. तो पाठ नमुन्यादाखल येथे देतो. कोणत्याही अध्यापकाने तो जसाच्या तसा वापरावा.

स्थळ : एक प्राथमिक आरोग्य केंद्र, रात्रीचे अकरा. जिल्हा रुग्णालय दीड तासावर. कपाटात ॲट्रोपिनची ०.६ मिलिग्रॅमची २० अँप्यूल्स.

पात्रे : डॉक्टर, सिस्टर, रुग्णाची पत्नी आणि निरीक्षक अशी चार. रुग्णाचा आवाज व त्याच्या नाडी-श्वासाचे आकडे अध्यापकाच्या हाती.

पायरी पहिली : श्वसनमार्ग मोकळा करणे, स्राव ओढून काढणे, प्राणवायू, शिरेत सुई. हातमोजे घालून रुग्णाचे कपडे उतरविणे व अंग धुणे. पोट धुण्याची घाई नको. श्वसनमार्ग सुरक्षित नसताना ती घातक ठरते.

पायरी दुसरी : ॲट्रोपिन १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ५ अँप्यूल्स एकदम. दर पाच मिनिटांनी तपासणी. पुरेसा परिणाम नसल्यास मागील मात्रेच्या दुप्पट. लक्ष्य असे : छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर. छाती हा मुख्य निकष. बाहुल्या मागाहून सुधारतात.

पायरी तिसरी : हिशेब. विद्यार्थी येथेच अडखळतात. ३ अँप्यूल्सने सुरुवात केली तर पुढची मात्रा ६, त्यापुढची १२. दोन मात्रांत ९ संपली, कपाटात ११ उरली, आणि तिसऱ्या मात्रेला हवीत १२. म्हणजे दुसरी मात्रा भरतानाच शेजारच्या केंद्राला फोन करावयास हवा आणि १०८ ची रुग्णवाहिका मागवावयास हवी. पुस्तकात हे वाक्य नसते. चारही विद्यार्थ्यांचा रुग्ण पहिल्या खेपेस याच ठिकाणी दगावला. त्यानंतर कोणीही हा हिशेब विसरले नाही.

पायरी चौथी : परिणाम साधल्यावर एकूण दिलेल्या मात्रेच्या १० ते २० टक्के दर ताशी शिरेतून चालू ठेवणे. बडबड, ताप, आतड्यांचे आवाज बंद होणे ही ॲट्रोपिन अधिक झाल्याची लक्षणे ओळखून ते थांबविणे.

पायरी पाचवी : पत्नीशी बोलणे, पोलिसांना कळविणे, रुग्णासोबतचे पत्र लिहिणे.

प्रसंगाला १५ मिनिटे आणि त्यानंतर चर्चेला ३० मिनिटे. चर्चेत प्रथम निरीक्षकाने बोलावे, अध्यापकाने सर्वांत शेवटी. माझ्या मते या ३० मिनिटांतच खरे शिक्षण होते. आभासी दालन हे केवळ त्याचे निमित्त.

बोलीचा प्रश्न

आता जे सांगावयाचे आहे ते आपल्या सीमाभागापुरते, पण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे.

चार इंटर्न्सपैकी एक विद्यार्थिनी परराज्यातून आलेली होती. अत्यंत हुशार. पत्नीच्या भूमिकेतील भालकीच्या मुलाने घरच्या बोलीत सांगितले, "सांजंपासून पोटात आग पडूलालीय म्हणत होते, मग डोळ्यापुढं अंधारी येऊलालीय म्हणले." ती विद्यार्थिनी गप्प झाली. तिला एक शब्दही उमगला नव्हता. पुढे ती मला म्हणाली, "सर, दोन वर्षे मी वॉर्डात मैत्रिणीच्या भाषांतरावर काम भागविले आहे."

हा तिचा दोष नाही. अखिल भारतीय प्रवेशपद्धतीमुळे आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत देशभरातून मुले येतात, आणि ते चांगलेच आहे. परंतु आपला रुग्ण तीन भाषांच्या सांध्यावर राहतो. सकाळच्या एकाच ओपीडीत 'होट्टे नोवु', 'पोटात कालवूलालंय' आणि 'चक्करां आरे' अशा तक्रारी येतात. औराद-भालकीची मराठी पुण्याच्या पुस्तकात नाही. आपली कन्नड बंगळूरच्या पुस्तकात नाही, आणि आपली दखनी तर कोणत्याच पुस्तकात नाही. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात प्रारंभीच्या पायाभूत महिन्यात स्थानिक भाषेला स्थान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. पण अक्षरओळख आणि चार वाक्ये एवढ्याने घाबऱ्याघुबऱ्या नातेवाइकाचे बोलणे समजत नाही. त्यासाठी ते कानांवरून पुन्हा पुन्हा जावे लागते.

आभासी रुग्णालयाचे तयार पाठ इंग्रजीत हवे तेवढे मिळतील. ते विकत घेता येतील. आपल्या रुग्णाच्या तोंडची बोली मात्र कोणतीही कंपनी बनवून देणार नाही. ती येथील अनुभवी डॉक्टर, सिस्टर, आशा कार्यकर्त्या आणि स्वतः रुग्णच देऊ शकतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की आपल्या भागासाठी या तंत्रज्ञानाचे खरे काम परदेशी पाठांची आयात हे नव्हे. आपल्या रुग्णांचे बोलणे आणि आपल्या डॉक्टरांचे अनुभव यांचे सरावाच्या प्रसंगांत रूपांतर करणे, हे ते काम आहे.

मर्यादा आणि सावधगिरी

कोणत्याही औषधाचे गुण सांगताना दुष्परिणाम सांगणे हा आपला धर्म आहे.

पहिली मर्यादा स्पर्शाची. यकृताची कड बोटांना लागणे, तापलेल्या अंगाचा स्पर्श, जखमेचा वास या गोष्टी पडद्यावर नाहीत. आभासी वॉर्ड हा खऱ्या वॉर्डाकडे नेणारा रस्ता आहे, त्याची जागा घेणारा नव्हे. वॉर्डात शिकविण्याचा कंटाळा असलेल्या अध्यापकाच्या हाती हे साधन पडले, तर त्यापासून हानीच होईल.

दुसरी मर्यादा साधनांची. वीज, इंटरनेट आणि यंत्र या तिन्ही गोष्टी ज्याच्या घरी आहेत तो पुढे जाईल आणि नसलेला आणखी मागे पडेल. म्हणून पाठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावर चालेल इतका हलका असावा. डोक्यावरच्या चष्म्यांनी काहींना मळमळ व चक्कर होते, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत व्यावहारिक. दुसऱ्याच्या वावरात विहीर खोदू नये, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. विद्यापीठांना ते अनुभवाने शिकावे लागले. लिंडन लॅबने शिक्षणसंस्थांना दिलेली निम्म्या दराची सवलत जानेवारी २०११ पासून काढून घेतली, तेव्हा अनेक विद्यापीठांनी तेथील आपल्या इमारती सोडल्या. सवलत २०१३ मध्ये पुन्हा मिळाली, पण गेलेली बरीचशी मंडळी परतली नाहीत. गूगलचे 'लाइव्हली' जुलै २००८ मध्ये आले आणि त्याच डिसेंबरअखेर बंद झाले. मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे 'अल्टस्पेस व्हीआर' मार्च २०२३ मध्ये बंद झाले. आमचे शनिवारचे दालनही पुढे असेच नाहीसे झाले. परंतु पाठाची संहिता मी वहीत लिहून ठेवली होती, ती राहिली. दालन भाड्याचे असले तरी चालेल, संहिता मात्र आपली असावी. 'ओपनसिम्युलेटर' यासारखी, २००७ पासून चालत आलेली मुक्त प्रणाली स्वतःच्या संगणकावर बसविता येते, तिचाही विचार व्हावा.

चौथी गोष्ट गोपनीयतेची. रुग्णाचे नाव, गाव, छायाचित्र पाठात येता कामा नये. आपली गावे लहान आहेत. एका तपशिलावरूनही माणूस ओळखला जातो.

आपण काय करू शकतो?

वैद्यकबंधू-भगिनींनो, आपल्या मंडळापुढे मी तीन लहान सूचना ठेवतो.

एक : प्रत्येक सभासदाने आपल्या व्यवसायातील एक प्रसंग दोन पानांत लिहून द्यावा. ज्यात आपण अडखळलो असा असेल तर उत्तम. सर्पदंश, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, बालकाचे आचके, छातीतील कळ हे आपल्या भागातील रोजचे प्रसंग आहेत. यशाच्या कथा स्नेहसंमेलनात सांगाव्यात, विद्यार्थ्यांना चुकांच्या द्याव्यात.

दोन : त्या प्रसंगातील रुग्णाचे व नातेवाइकांचे संवाद मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही बोलींत ध्वनिमुद्रित करावेत. या कामी डॉक्टर नसलेल्या सभासदांचे व कुटुंबीयांचे साहाय्य मोलाचे आहे. आपल्या आजीचे बोलणे हे येथे पाठ्यपुस्तक आहे.

तीन : महिन्यातून एक रात्र बिदर आणि कलबुर्गी येथील इंटर्न्स व सीमेपलीकडील उदगीर-लातूरचे डॉक्टर यांनी एका आभासी खाटेभोवती जमावे. आजार सीमा पाहत नाहीत. उदगीरचा रुग्ण बिदरला येतो आणि भालकीचा उदगीरला जातो. मग शिकविणाऱ्यांनीच वेगळे का राहावे?

बिदरमधील महमूद गवानच्या मदरशासमोरून जाताना हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. १४७२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या विद्यापीठात दूरदेशीचे विद्वान शिकविण्यास येत, विद्यार्थी तेथेच राहत, आणि ग्रंथालयात ३,००० हस्तलिखिते होती असे सांगितले जाते. महमूद गवान हेरातच्या जामी या महाकवीशी पत्रव्यवहार करीत असे. हजारो मैलांवरील विद्वानाशी बोलण्यासाठी त्या काळी त्याच्यापाशी कागद आणि घोडेस्वार एवढेच साधन होते. पुढे औरंगजेबाच्या काळात त्याच इमारतीत दारूगोळा ठेवला गेला आणि स्फोटाने तिचा मोठा भाग कोसळला. जागा तीच, तिचा वापर कशासाठी झाला, यावर तिचे भाग्य ठरले. पडद्यावरील या नव्या जागेचेही तसेच आहे.

सहाव्या शनिवारी त्या परराज्यातील विद्यार्थिनीने डॉक्टरची भूमिका घेतली. दुसरी मात्रा भरताभरता तिने शेजारच्या केंद्राला फोन लावण्यास सांगितले. मग पत्नीच्या अवतारासमोर जाऊन ती मोडक्यातोडक्या आपल्या बोलीत म्हणाली, "मावशी, छातीची घरघर कमी होऊलालीय. मी इथंच हाय." पुढे एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर काम करीत असताना तिचा मला रात्री उशिरा फोन आला. तसाच रुग्ण आला होता, आणि रुग्णवाहिका सुखरूप पोहोचली होती. ती म्हणाली, "सर, हात थरथरत होते, पण थांबले नाहीत."

१९८४ च्या त्या रात्री दाराशी बसलेल्या बाईला मी काहीच सांगू शकलो नव्हतो. तिचे ऋण फेडणे शक्य नाही. परंतु तशा रात्री आपल्या विद्यार्थ्यांनी प्रथमच पाहू नयेत, एवढी व्यवस्था आपण निश्चित करू शकतो. त्या कामास या वर्षीच प्रारंभ व्हावा, अशी सर्व सभासदांना नम्र विनंती करून हा लेख पूर्ण करतो.